बांगड्या चढल्या पण दम वाढला: सिस्टेमिक स्क्लेरोसिसचं एक प्रकरण

नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, पेशंटला इथे नुसतं ताई म्हणतोय. मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन, संधिवाततज्ज्ञ पुण्याला, छातीचे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, आणि ताई या तिघांच्यामधे एसटीने फिरणाऱ्या. लिहायचं कारण एवढंच की सिस्टेमिक स्क्लेरोसिस (किंवा स्क्लेरोडर्मा), म्हणजे कातडी आणि आतले अवयव ताठ होत जाणारा आजार, यात कातडी सगळ्यांना दिसते आणि फुप्फुस कुणालाच दिसत नाही, मग घरचे काय आणि डॉक्टर काय, कातडीवरूनच आजार वाढला की उतरला ते ठरवतात, आणि इथे तेच नडलं.

पार्श्वभूमी

ताई ३८ वर्षांच्या, घरीच ब्लाउज शिवायचं काम, नवरा साखर कारखान्यात हंगामी, दोन मुलं, सासूबाई. सुरुवात थंडीत झाली. सकाळी गार पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, आणि चुलीपाशी शेकली की लालबुंद होऊन ठणकायची. याला रेनॉड म्हणतात. गावाकडे याला कुणी आजार समजत नाही, थंडी बाधते म्हणतात, आणि खरं सांगायचं तर रेनॉड असलेल्या बहुतेकांना पुढे काही होतही नाही, त्यामुळे पहिले दोन हिवाळे डॉक्टरकडे गेल्या नाहीत यात मला काही वावगं वाटत नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र बोटं सुजली, मूठ वळेना, अंगठी साबण लावून काढावी लागली. संक्रांतीला बांगड्या भरायला गेल्या तर कासारणीने हात दाबून बघितला आणि म्हणाली, "ताई, हात मऊच पडंना झालाय, कातडं ताठ झालंय, जरा दाखवून घ्या." जिच्या हाताखालून वर्षाला शेकडो हात जातात तिचं हे निरीक्षण, माझ्या मते या केसमधलं पहिलं अचूक निदान.

पुढच्या सहा महिन्यांत ताठपणा बोटांवरून मनगट, कोपर, दंड असा चढत छातीपर्यंत आला. भाकरी थापता येईना, सुईत दोरा ओवता येईना. गळ्याखाली आणि छातीवर रंग उडून मीठमिरी सांडल्यासारखे ठिपके आले, तर गल्लीत कोड फुटल्याची चर्चा आणि सासूबाईंच्या मनात त्याहून वाईट, महारोगाची भीती. तालुक्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र नीट बघितलं, संवेदना तपासल्या, नसा चाचपल्या, कुष्ठरोग नाही हे स्पष्ट सांगितलं, स्क्लेरोडर्माची शंका लिहून एएनए टेस्ट (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का याची रक्ततपासणी) पाठवली, ती पॉझिटिव्ह आली, आणि रेनॉडसाठी निफेडिपिन सुरू केलं. काम चांगलं होतं. फक्त त्या चिठ्ठीवर छातीबद्दल एकही ओळ नव्हती.

अडचण कुठे वाढली

त्याच सुमारास कोरडा खोकला सुरू झालेला. विहिरीवरून कळशी आणताना मधे थांबायला लागायचं. आधी हिमोग्लोबिन ९.८ निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, मग एक्सरे काढला, खालच्या भागात दोन्हीकडे थोडी छाया, वजन चार किलो उतरलेलं, खोकला महिन्यावर गेलेला, आणि दुसऱ्या एका दवाखान्यात टीबीची चार औषधं सुरू झाली. थुंकी दोनदा निगेटिव्ह, सीबीनॅट (थुंकीत टीबीच्या जंतूंचा अंश शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह, तरीही. आपल्याकडे टीबी एवढा आहे की असं होतं, त्या डॉक्टरांच्या जागी बसून बघितलं तर समजू शकतं. पण टीबीची छाया जास्त करून फुप्फुसाच्या वरच्या भागात असते, ताईंची दोन्हीकडे तळाशी होती, ताप नव्हता, आणि हातांची कातडी तर समोरच होती.

या औषधांनी एक गोष्ट केली जी कुणाच्या लक्षात आली नाही. त्यातलं रिफाम्पिसिन लिव्हरमधली एन्झाइम्स इतकी वाढवतं की निफेडिपिन रक्तात पुरेसं टिकतच नाही. म्हणजे रेनॉडची गोळी रोज पोटात जात होती पण काम करत नव्हती, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत उजव्या तर्जनीच्या टोकाला जखम झाली. घरच्यांना वाटलं सुई लागली.

आणि वर आणखी एक. कातडी मऊ व्हावी म्हणून कुणीतरी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम लिहून दिलं. त्याने सूज थोडी उतरली, ताईंना भूक लागायला लागली, बरं वाटलं, त्यामुळे तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या चालू राहिल्या. डिफ्यूज, म्हणजे ताठपणा दंड-छातीपर्यंत चढणाऱ्या प्रकारच्या स्क्लेरोसिसमध्ये पहिल्या चार-पाच वर्षांत १५ मिलिग्रॅमच्या वरचा स्टेरॉइडचा डोस किडनीच्या क्रायसिसचा धोका वाढवतो, बीपी अचानक भडकतं आणि काही दिवसांत किडन्या बसू शकतात. ताई या अवस्थेत माझ्याकडे आल्या, टीबीची औषधं आणि ४० चं स्टेरॉइड दोन्ही चालू, दम कमी नाही.

तपासणीत काय दिसलं

हात जोडायला सांगितलं. तळवे चिकटेनात, मधून पेन्सिल जाईल एवढी फट. तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटं जेमतेम. पाठीला खाली स्टेथोस्कोप लावला की श्वास घेताना चपलेचा वेलक्रोचा पट्टा हळू सोडवावा तसला चर्रर्र आवाज, दोन्हीकडे. बीपी १२८/८०, क्रिएटिनिन आणि लघवी नॉर्मल, एवढं नशीब.

पुण्याला पाठवलं. तिथे रॉडनॅन स्कोअर २७ निघाला. यात अंगावरच्या १७ जागी कातडी चिमटीत धरून प्रत्येकीला शून्य ते तीन मार्क देतात, सगळे मिळून जास्तीत जास्त ५१. एससीएल-७० अँटिबॉडी जोरदार पॉझिटिव्ह, ही असली की फुप्फुसावर लक्ष ठेवायचंच असतं. एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये) दोन्ही तळांना ग्राउंड ग्लास म्हणजे धुरकट पट्टे, बारीक जाळी, काही ठिकाणी श्वासनलिका ओढल्या गेलेल्या, एनएसआयपी हा या आजारात नेहमी दिसणारा पॅटर्न, आणि अन्ननलिका फुगलेली. कॅव्हिटी नाही, गाठी नाहीत. पीएफटीत (फुंकून करायच्या फुप्फुसाच्या चाचणीत) एफव्हीसी, म्हणजे एका दमात बाहेर फुंकता येणारी हवा, अपेक्षेच्या ६६ टक्के, आणि डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता, ४७ टक्के. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर ठीक.

फुप्फुसाचा आजार थोडा आहे की जास्त हे ठरवायची एक सोपी पद्धत २००८ पासून वापरात आहे: सीटीत २० टक्क्यांहून जास्त भाग धरलाय का ते बघायचं, आणि सांगता येत नसेल तर एफव्हीसी ७० च्या खाली आहे का ते बघायचं. ताईंचा सीटी काठावरचा होता, एफव्हीसीने निकाल दिला. जास्त.

कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न टीबीच्या औषधांचा. ती चालू ठेवून शिवाय इम्युनोसप्रेसंट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, द्यायचं, असा सुरक्षित वाटणारा मधला मार्ग पुढे आला होता. पण रिफाम्पिसिन निफेडिपिन खातं, मायकोफेनोलेट या इम्युनोसप्रेसंटची पातळीही खाली आणतं, म्हणजे त्या मधल्या मार्गात दोन्ही उपचार अर्धेमुर्धे झाले असते. छातीच्या डॉक्टरांनी सगळे फोटो आणि रिपोर्ट पुन्हा समोर ठेवले, इग्रा टेस्ट (टीबीच्या संसर्गाची रक्ततपासणी) केली, निगेटिव्ह आली, आणि टीबीची औषधं थांबवली. लेखी, कारणासकट. हे लेखी असणं पुढे फार उपयोगी पडलं कारण नंतर प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा की कोर्स अर्धवट का सोडला.

दुसरा प्रश्न मुख्य औषधाचा. थांबून बघणं शक्य नव्हतं, कातडी वेगाने चढतेय, एससीएल-७० आहे, एफव्हीसी ६६ आहे, अशा पेशंटचं फुप्फुस पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त घसरतं. सायक्लोफॉस्फामाइड सरकारी रुग्णालयात महिन्याला सलाइनमधून मिळण्यासारखं होतं आणि स्वस्त. २००६ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये वर्षभर तोंडाने दिल्यावर त्याने एफव्हीसी थोडी सावरली, पण औषध थांबवल्यावर पुढच्या वर्षात तो फायदा ओसरला. शिवाय पांढऱ्या पेशी पडतात, लघवीच्या पिशवीला त्रास, आणि ३८ व्या वर्षी पाळी कायमची जाऊ शकते. २०१६ च्या पुढच्या ट्रायलमध्ये दोन वर्षं मायकोफेनोलेट विरुद्ध एक वर्ष सायक्लोफॉस्फामाइड असा सामना होता, फुप्फुसाला आणि कातडीला फायदा जवळपास सारखा, सहन मायकोफेनोलेट जास्त झालं. पण ते रोजचं, वर्षानुवर्षांचं, आणि खिशातून. भरती झालात तर योजनेत काहीतरी बसवता येतं, रोजच्या गोळीला कोण विचारतो.

रिटुक्सिमॅब आणि टोसिलिझुमॅब या महागड्या इंजेक्शनांचं नाव निघालं आणि खर्चावर थांबलं. निंटेडॅनिबवर, म्हणजे फुप्फुसातली जाळी वाढणं मंदावणाऱ्या गोळीवर, पुण्यात बरीच चर्चा झाली. २०१९ च्या ५७६ पेशंटच्या ट्रायलमध्ये त्याने वर्षाची एफव्हीसीची घसरण ९३ मिलिलिटरवरून ५२ वर आणली, कातडीला मात्र काही फरक नाही, आणि जुलाब चारातल्या तिघांना. ताईंचं वजन ४४ किलो. आधीच उतरलेलं. म्हणून ते मागे ठेवलं.

ताईंच्या नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, यातलं कुठलं घेतलं तर ती मशीनवर बसू शकेल?" मला वाटतं पर्याय मोजताना हा प्रश्न आमच्या सगळ्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा होता. सायक्लोफॉस्फामाइडसाठी महिन्याला दोन दिवस जायचे आणि पुढचा आठवडा मळमळीचा, मायकोफेनोलेटला तसं नाही. मायकोफेनोलेट ठरलं.

काय केलं

आधी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासून फ्लू आणि न्यूमोनियाची लस. गर्भाला हे औषध घातक असल्याने कॉपर-टी. मग मायकोफेनोलेट ५०० दोनदा, दर पंधरा दिवसांनी सीबीसी बघत हळूहळू १ ग्रॅम दोनदा. ३ ग्रॅमपर्यंत जायचा विचार होता पण पोट बिघडायला लागलं आणि वजन बघता २ वरच थांबलो.

स्टेरॉइड एकदम बंद करता येत नव्हतं, शरीराला सवय लागलेली असते, म्हणून टप्प्याटप्प्याने ५ मिलिग्रॅमवर आणलं. तोवर घरी बीपीचं मशीन. नवरा रोज सकाळी कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहायचा, एकादशी-संकष्टीच्या शेजारी १२६/७८. वरचा आकडा १४० च्या पुढे गेला किंवा नेहमीपेक्षा ३० ने वाढला की त्याच दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी नाही. फोन करायची वेळ आली नाही.

छातीत आम्ल वर येऊन श्वासनलिकेत झिरपत राहिलं तर खोकला आणि कदाचित फुप्फुसही बिघडतं, म्हणून पॅन्टोप्राझोल, रात्रीचं जेवण सातला, आणि कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. रिफाम्पिसिन गेल्यावर निफेडिपिन लागू पडलं, जोडीला टॅडालाफिल, बोटाची जखम दोन महिन्यांत भरली.

मधला घोळ: ऑक्सिमीटर

डिसेंबरात पहाटे ताईंना खोकल्याची उबळ आली, मुलाने कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला, ८१. घरात रडारड, गाडी करून जवळच्या हॉस्पिटलात, तिथेही बोटाला ७९, ऑक्सिजन लावला, आयसीयूची आणि व्हेंटिलेटरची भाषा सुरू झाली. ताई मात्र पलंगावर बसून पूर्ण वाक्यं बोलत होत्या, मिनिटाला २० श्वास. फोनवर मी एवढंच म्हटलं की धमनीतलं रक्त घ्या आणि प्रोब कानाच्या पाळीला लावून बघा. कानाला ९६. धमनीच्या रक्तात ऑक्सिजन ठीक.

रेनॉडच्या गारठलेल्या बोटात रक्तच पोहोचत नसतं, मशीनला नाडीची लाट पकडता येत नाही आणि ते काहीतरी आकडा फेकतं. स्क्लेरोसिसच्या पेशंटचं सॅच्युरेशन कानाला किंवा कपाळाला बघायचं असतं, सहा मिनिटं चालण्याच्या टेस्टमध्येही. आता ताईंच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलंय: ऑक्सिजन कानाला तपासा.

औषध बंद, आणि पुन्हा सुरू

वर्षभराने रॉडनॅन स्कोअर १६, एफव्हीसी ७१, डीएलसीओ ४९. त्या संक्रांतीला ताईंनी डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या, कासारणीला पेढे दिले. आणि नंतरच्या तीन महिन्यांत कधीतरी, कारखान्याचा हंगाम संपल्यावर, घरात ठरलं की आता बरं झालंय, गोळ्या बंद. कुणी कुणाला विचारलं नाही. सासूबाईंचं म्हणणं होतं की इतकी जड औषधं किती दिवस खायची, आणि कातडी बघितली तर त्यांचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. बंद केल्यावरही कातडी मऊच होत राहिली, त्यामुळे निर्णय बरोबर असल्याची खात्रीच पटली.

इथे या आजाराची गंमत लक्षात घ्यायला हवी. डिफ्यूज प्रकारात कातडी पहिली काही वर्षं चढते आणि मग बऱ्याच जणांची आपसूक सैल पडायला लागते, औषध असो वा नसो. फुप्फुसात एकदा जाळी झाली की ती परत उलगडत नाही. दोघांची वेळापत्रकं वेगळी. कातडी सुधारली म्हणून फुप्फुस सुधारलं असा अर्थ काढता येत नाही, आणि ताईंना हे कुणीही सोप्या शब्दात सांगितलेलं नव्हतं, सगळ्यांनी फक्त "गोळ्या चालू ठेवा" सांगितलं होतं.

पाच महिन्यांनी आल्या त्या दम वाढला म्हणून. एफव्हीसी ६०. पण हा आकडा खरा मानायच्या आधी छातीच्या डॉक्टरांनी टेक्निशियनला विचारलं की ओठांच्या कडेने हवा निसटत होती का. निसटत होती. तोंड लहान झालेलं, ओठ पातळ, मोठ्या माउथपीसला घट्ट पकड बसत नाही, आणि मग फुप्फुसाचा आकडा म्हणून आपण ओठांचाच आकडा वाचतो. लहान माउथपीस लावून, कडेला बोटांनी ओठ दाबून पुन्हा केली. ६२. डीएलसीओ ४०. म्हणजे थोडी गळती होती पण घसरण खरीच होती, एफव्हीसी आधीच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त खाली, आणि सीटीत जाळी वाढलेली. इन्फेक्शन नाही हे बघून घेतलं.

मायकोफेनोलेट पुन्हा सुरू केलं आणि यावेळी निंटेडॅनिब १५० दोनदा जोडलं. भारतात जेनेरिक आल्यापासून ते आवाक्यात तरी आलंय. जुलाब व्हायचे ते झालेच, दहा दिवसांत वजन दीड किलो उतरलं, लोपेरामाइड दिलं, मग डोस १०० दोनदा केला, जेवणाच्या मधेच गोळी घ्यायची, ताकभात, आणि लिव्हरची टेस्ट सुरुवातीला दर महिन्याला. तिसऱ्या महिन्यापासून पोट सावरलं. गोळ्यांचा खर्च अर्धा माहेरच्यांनी उचलला, ही गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही पण औषध टिकलं ते त्यामुळे.

आत्ता काय परिस्थिती आहे

पुन्हा सुरू करून वर्ष होत आलं. एफव्हीसी ६३, डीएलसीओ ४१, रॉडनॅन १५. घरात ऑक्सिजन लागत नाही. ताई दुपारी दोन-तीन तास मशीनवर बसतात, हुक-काज मुलगी करते. विहीर बंद, नळ अंगणात घेतलाय. फुप्फुस परत ७१ वर येईल असं आम्ही कुणीच सांगितलेलं नाही. स्टेम सेल ट्रान्सप्लांटची चौकशी नवऱ्याने यूट्यूबवर बघून केली होती, निवडक पेशंटमध्ये त्याचा खरंच फायदा दिसलाय पण उपचारातच दगावण्याचा धोकाही आहे, आणि आजार स्थिर असताना तो धोका पत्करू नये असं पुण्याच्या डॉक्टरांचं मत पडलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, एएनए पॉझिटिव्ह आणि ताठ कातडी दिसली त्याच आठवड्यात एचआरसीटी आणि पीएफटी. खोकला असो नसो. साध्या एक्सरेत सुरुवातीचा आजार सहज निसटतो आणि पीएफटी नॉर्मल असतानाही सीटीत दिसू शकतो. तसं झालं असतं तर टीबीचा फाटाच फुटला नसता, आणि सहा-सात महिने वाचले असते.

स्टेरॉइडबद्दल मी जरा कडक बोलतो. कातडीसाठी ४० मिलिग्रॅम, बीपी न बघता, परत बोलावल्याशिवाय, याला काही आधार नाही. ताई त्यातून सुखरूप निघाल्या हे नशीब, उपचार नाही.

निंटेडॅनिब सुरुवातीलाच जोडायला हवं होतं का, यावर आमच्या तिघांत अजून एकमत नाही. २०१९ च्या ट्रायलमधे जवळपास निम्मे पेशंट आधीपासून मायकोफेनोलेटवर होते, म्हणजे दोन्ही एकत्र देता येतात हे माहीत होतंच. छातीचे डॉक्टर म्हणतात एफव्हीसी ६६ असताना वाट कसली बघायची. माझं म्हणणं, ४४ किलोच्या बाईला पहिल्याच महिन्यात दोन जुलाब करणारी औषधं दिली असती तर तिने दोन्ही सोडली असती. पाच महिन्यांचा खंड टळला असता तर कदाचित हा वादच उरला नसता. तो टाळायला वेगळं औषध लागत नव्हतं, वर्षभराच्या भेटीत सासूबाईंना आत बोलावून दोन्ही पीएफटीचे कागद शेजारी ठेवून दाखवले असते तर बहुतेक पुरलं असतं. आता दर तीन-चार महिन्यांच्या पीएफटीला त्या येतात, आकडा आधी त्याच विचारतात.

एक निर्णय अजून बाकी आहे. गेल्या इकोत उजव्या बाजूच्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ३.० मीटर आलाय, आधी २.५ होता, आणि रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारं मोजमाप, थोडं वाढलंय. एफव्हीसीला डीएलसीओने भागलं की १.६ च्या वर जातं तेव्हा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांची शंका घेतात, ताईंचं १.५ आहे, म्हणजे काठावर. इकोवर विसंबून पल्मनरी हायपरटेन्शनची (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या वाढलेल्या प्रेशरची) औषधं सुरू करायची नाहीत एवढं ठरलंय, राइट हार्ट कॅथेटरायझेशन, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून प्रेशर मोजणं, करूनच बघायचं. पुढच्या महिन्याची तारीख मिळालीय, नवऱ्याने रजा टाकलीय, आणि कॅथलॅबला आधीच कळवलंय की हात गरम ठेवा आणि प्रोब कानाला लावा.